त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू नका

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांचे सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांना शेवटपर्यंत एकच समुपदेशक मिळण्याबाबत

सादर नमस्कार,

हे पत्र आवक नोंदवहीत जाऊन तिथेच राहू नये म्हणून उघड लिहिते आहे. मी स्वतः एका कार्यालयात लिपिक आहे. आवक क्रमांक पडल्यावर कागदाचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, काही कागदांचं ते मीच केलं आहे. शिवाय मला कुणावर कारवाई नको आहे. ज्या जिल्हा रुग्णालयाचा अनुभव खाली लिहिला आहे त्याचं नाव देत नाही, कारण तिथल्या माणसांनी माझ्या मुलाचं भलंच केलं. जे बिघडलं ते त्यांच्यापैकी एकाच्याही हातात नव्हतं.

पत्र पाठवण्याआधी मुलाला वाचायला दिलं. त्याने दोन वाक्यं खोडायला लावली. ती इथे नाहीत.

तो बारा वर्षांचा आहे, सातवीत. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि त्याचं पोट दुखायला लागलं. सोमवार ते शुक्रवार दुखायचं, शनिवारी जरा कमी, रविवारी नाही. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. नॉर्मल या शब्दाचा घरात सगळ्यांनी एकच अर्थ लावला, की पोरगं नाटक करतंय. मीही तोच लावला. मग त्याचं बोलणं आटत गेलं. आधी शाळेतलं सांगेना, मग मित्रांचं, मग काहीच. एके दिवशी केस पुसताना डोक्याच्या मागे रुपयाएवढी जागा उघडी दिसली. चाई पडली म्हणून मलम आणलं. पंधरा दिवस मलम लावल्यावर कळलं, की तो रात्री पडल्या पडल्या एकेक केस उपटत होता.

मधल्या काळात शाळेत तपासणीचं पथक येऊन गेलं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला, याचा मला अभिमानच आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात जन्मजात दोषांपासून अध्ययन अक्षमतेपर्यंत बरंच काही पाहिलं जातं. दहा वर्षांपुढच्या मुलांना विचारायच्या प्रश्नांत उदास वाटतं का, हेही आहे. माझ्या मुलाला ते विचारलं गेलं. रांगेत, पुढे एक आणि मागे तीस मुलं उभी असताना. तो म्हणाला, ‘नाही.’ मीही नाहीच म्हटलं असतं.

पहिला माणूस भेटला तो प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पोट तपासलं, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, ‘झोप लागते का रे?’ तीन महिन्यांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने मान हलवली. डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली आणि म्हणाले, मुलांसाठी गुरुवारी जा.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मी त्याला सांगितलं, की आपण डोळे तपासायला चाललोय. सकाळी उगाच रडारड नको, एवढाच विचार होता. बस स्थानकापासून रुग्णालयापर्यंत तो दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होता, आपल्याला सगळं दिसतंय हे मला पटवून देण्यासाठी. मग आम्ही त्या विभागाच्या पाटीखाली आलो आणि तीही त्याने वाचली.

या विभागाच्या पाटीवरचं नाव बदला, असं पुष्कळ लोक म्हणतात. माझं तसं म्हणणं नाही. किशोरवयीन मुलांच्या क्लिनिकला आपण मैत्री म्हणतो, चांगलं आहे. पण मुलाला पाटीने फारसं काही होत नाही. आईने खोटं सांगून आणलंय हे पाटीखाली उभं असताना कळलं, की होतं. प्राथमिक केंद्रातून चिठ्ठी देताना त्या चिठ्ठीच्या मागे दोन ओळी छापल्या असत्या, की मुलाला कुठे नेताय ते खरं सांगा, कसं सांगायचं ते असं, तर माझ्यासारखीने ते केलं असतं. आम्हाला येत नसतं. कुणी शिकवलेलं नसतं.

केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, ‘कुठलं? काय होतंय?’ मागे रांग. मी हळू आवाजात सांगितलं, पलीकडून आवाज आला, ‘मोठ्याने बोला.’ मोठ्याने बोलले. मुलाने माझा हात सोडला. विभागाच्या दाराशी परिचारिकेने नोंदवहीत माहिती भरली, तिला सांगितलं. आत शिकाऊ डॉक्टर होते, त्यांना सांगितलं. ते लिहून घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांना सांगितलं. चार वेळा. चारही वेळा तो शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होता. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं, की मी छान सांगायला लागले आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे जमायला लागलं आहे. माझ्या मुलाच्या दुखण्याची गोष्ट घासून घासून गुळगुळीत झाली होती. परतीच्या गाडीत तो दोन महिन्यांनी आपण होऊन एक वाक्य बोलला : ‘तू शेवटच्यांना वेगळं सांगितलंस.’

खरं होतं. शिकाऊ डॉक्टरांना मी सांगितलं होतं, की घरात मारहाण होत नाही. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, की एकदा झाली होती.

मोठ्या डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही, समुपदेशनाला पाठवलं. त्या खोलीत एक मॅडम होत्या. वय तिशीच्या आत असेल. त्यांनी केसपेपर वाचला, मला सांगितलं, की ताई, तुम्ही बाहेर बसा. दाराला कडी नव्हती, म्हणून त्यांनी आतून खुर्ची लावली. मी बाहेरच्या बाकावर पंचवीस मिनिटं बसले. आतून आवाज येत नव्हता, आणि त्याचंच बरं वाटत होतं. बाहेर आल्यावर त्याने फक्त विचारलं, ‘पुढच्या गुरुवारी किती वाजता?’

तीन गुरुवार झाले. चौथ्याला त्याने शाळेत जाण्यासाठी दप्तर भरलं, पुन्हा रिकामं केलं, पण भरलं होतं. त्या मॅडमना त्याने काहीतरी सांगितलं होतं जे मला सांगितलेलं नाही. काय ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, ‘त्याच्या जिवाला धोका वाटला तर मी तुम्हाला सांगेन, हे त्याला माहीत आहे. बाकीचं त्याचं राहू दे.’ मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३व्या कलमात गोपनीयतेचा हक्क लिहिला आहे, हे मी नंतर वाचलं. पण मला ते कलम त्या बाकावरच कळलं होतं.

पाचव्या गुरुवारी खोलीत दुसऱ्या बाई होत्या. आधीच्या मॅडम कंत्राटी होत्या, त्यांचा आदेश संपला होता. नव्या बाईंनी केसपेपर उलटला. मागच्या चारही तारखांसमोर इंग्रजीत दोन शब्द होते, समुपदेशन केले. त्या हसून, अगदी प्रेमाने म्हणाल्या, ‘हं बाळ, सांग बरं मला, काय होतंय तुला?’

तो उठला आणि बाहेर निघून गेला. पुढचे साडेतीन महिने तो त्या इमारतीत यायला तयार नव्हता.

सचिव महोदय, एवढ्यासाठी हे पत्र आहे. हाडाच्या डॉक्टरांची बदली झाली तरी एक्स-रे फाइलमध्ये राहतो. नवे डॉक्टर तो उजेडात धरतात आणि पुढे जातात. मुलाने ज्या माणसाला सांगितलं तो माणूसच इथे एक्स-रे असतो. तो गेला, की सगळं गेलं. मोठी माणसं पुन्हा सांगतात, आम्हाला सवय असते, कामच असतं आमचं टेबलं बदलायचं. मुलाने एकदा जीव गोळा करून सांगितलेलं असतं. दुसऱ्यांदा विचारलं, की त्याला वाटतं, मागचं कुणी ऐकलंच नव्हतं.

कायद्यात काय कमी आहे ते मी शोधून पाहिलं. फारसं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्याच्या १८व्या कलमाने सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणं हा हक्क केला आहे, आणि कुठल्या सेवा हव्यात त्या यादीत मुलांच्या मानसिक आरोग्याची सेवा वेगळी नमूद आहे. कुणाला उपचारासाठी लांब जावं लागू नये, असं त्यात आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, असंही आहे. हे वाक्य मी एकदा खिडकीवर म्हणून दाखवलं. पलीकडचे गृहस्थ इतक्या निर्मळ आश्चर्याने बघत राहिले, की मलाच ओशाळं झालं. त्यांना कुणी कळवलंच नसेल तर त्यांचा काय दोष.

३१वं कलम सांगतं, की लोकसंख्येच्या मानाने जगात मान्य असलेल्या प्रमाणाइतकी या क्षेत्रातली माणसं मिळवण्यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करावेत. दहा वर्षं मे २०२८ ला पुरी होतात. प्रयत्न करावेत हे शब्द कसे लवचिक असतात ते मी माझ्या कार्यालयात रोज बघते.

योजनांचंही तसंच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये चार जिल्ह्यांपासून सुरू झाला, आज तो देशभर आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी पदं आहेत. किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा, आणि मानसिक आरोग्य हा त्याच्या मुख्य विषयांपैकी एक. मुंबईत मुलांसाठीचं मार्गदर्शन केंद्र टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये उघडलं होतं. म्हणजे मुलाला घेऊन कुठे जायचं या प्रश्नाला आपल्याकडे स्वातंत्र्याआधीपासून उत्तर आहे. म्हणून नवी योजना मागत नाही. नव्या योजनेचं नाव आणि बोधचिन्ह ठरेपर्यंत माझा मुलगा दहावीला जाईल.

किती मुलं अशी असतील हेही विचारलं जातं, म्हणून लिहिते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गात चार. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि माझा मुलगा त्या वयातही बसत नव्हता.

त्या साडेतीन महिन्यांत एका रात्री मी १४४१६ ला फोन केला. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत करणारी ही सरकारी टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून. ज्या कुणी बोलल्या त्यांनी मला आधी बसायला सांगितलं आणि पाणी प्यायला सांगितलं. मुलगा आत्ता कुठे आहे, एकटा आहे का, घरात औषधं कुठे असतात, असं एकेक विचारत गेल्या. त्या रात्री मला त्यांचा फार आधार झाला. ज्या पालकांना हा क्रमांक माहीत नाही त्यांनी तो आत्ता लिहून ठेवावा. पण ती रात्रीची सोय आहे. दुसऱ्या वेळी फोनवर दुसरं कुणी असतं, आणि तिथे ते तसंच असणार. वर्षभर मुलासोबत चालायला खोलीत माणूसच लागतो.

तर माझी मागणी. मुलाने समुपदेशनाला सुरुवात केली, की तो बरा होईपर्यंत माणूस बदलू नये. ही पदं अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर चालवायची नसतात. रक्त तपासणाऱ्या माणसाचं कंत्राट संपलं तर दुसरा माणूस तेच रक्त तपासतो, इथे तसं होत नाही, हे वित्त विभागाला कुणीतरी टिपणी लिहून समजावलं पाहिजे. टिपणी लिहायला मी मदत करेन, ते मला जमतं.

आणि बदलणं अटळच असेल तर जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून मुलाला एकदा भेटावं. एका खोलीत तिघं, अर्धा तास. जाणाऱ्याने सांगावं, की मी चालले आहे, तू काही चुकलास म्हणून नाही. पुढच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे मुलाला विचारून, त्याला वाचून दाखवून अर्धं पान लिहावं आणि ते फाइलला लावावं. याला नवं पद लागत नाही, निधी लागत नाही. शासन निर्णयही नको, एक परिपत्रक पुरेल. आमच्याकडे टेबलाचा कार्यभार सोपवताना फायलींची संख्या, कपाटाच्या किल्ल्या, प्रलंबित प्रकरणं, सगळ्याची यादी होते, दोघांच्या सह्या होतात. कपाटाच्या किल्लीला जेवढी किंमत तेवढी एका पोराने सांगितलेल्या गोष्टीला द्यावी.

खिडकीवर आजार विचारणं बंद करावं. चिठ्ठीवर विभागाचा क्रमांक असतो, तो बघावा. नोंदवही, शिकाऊ, मोठे डॉक्टर यांना लागणारी माहिती आईबापाकडून एकदाच, मुलगा शेजारी नसताना घ्यावी आणि कागद पुढे सरकावा. शिकाऊ डॉक्टरांनी शिकू नये असं नाही. त्यांनी कागद वाचायलाही शिकावं.

वेळेचं तेवढं सांगायचं राहिलं. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा. म्हणजे शाळा चुकवणारं पोर सुधारायचं तर दर गुरुवारी शाळा चुकवायची. वर्गात विचारतात, गुरुवारी कुठे असतोस? आठवड्यातून एकच दुपार शाळा सुटल्यानंतर ही खोली उघडी ठेवता आली तर बघावं. दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्राची आणि अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याची गर्दी त्याच दिवशी, त्याच बाकावर असते. दहावीच्या सवलतींसाठी ती मुलं येतात, त्यांनाही दाखला हवाच आहे. पण सही-शिक्क्याची घाई आणि पंचवीस मिनिटांची शांतता एका खोलीत नांदत नाहीत. वार वेगळे करावेत. दाराला कडी लावावी, हेही लिहून ठेवते. खुर्ची अजून तशीच आहे.

नव्या बाईंबद्दल सांगितलं नाही तर अन्याय होईल. साडेतीन महिन्यांनी त्यांनी मला फोन केला. केसपेपरवरून नंबर शोधला होता. म्हणाल्या, त्याला सांगा, मी मागचं काहीच विचारणार नाही, नुसता येऊन बस. तो आला आणि खरंच नुसता बसला. दोन वेळा. तिसऱ्यांदा त्याने त्यांना बुद्धिबळ येतं का विचारलं. त्यांना येत नव्हतं, त्याने शिकवलं. आता आठ महिने झाले आहेत. डोक्यावरच्या त्या जागी केस आले आहेत, थोडे राठ. शाळेत आठवड्यातले चार दिवस जातो. पोट अजून कधीकधी दुखतं, आता तो सांगतो की दुखतंय पण जातो.

डाव सध्या पाच-दोन आहे, पाच त्याचे.

त्या बाईंचा आदेश मार्चअखेर संपतो. पुढे मुदतवाढ मिळेल की नाही त्यांना माहीत नाही, त्यांच्या वरिष्ठांनाही नाही. मुलाला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. या पत्राचा हा शेवटचा भाग मी त्याला वाचायला दिलेला नाही, म्हणजे पुन्हा एकदा मी त्याच्यापासून काहीतरी लपवते आहे. कुणी सांगायचं, कधी सांगायचं आणि काय सांगायचं, हे मार्चच्या आधी कळवावं ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
त्याची आई